वेल्डिंगचे जुने यंत्र शाळेत आणा



तुमच्या गावात ग्रिल, दरवाजे, शटर बनविणारे एखादे दुकान असेलच. अशा दुकानाच्या कोपऱ्यात लोखंडी पेटीसारखे एक धूड उभे असे. कित्येक ठिकाणी अजूनही असते. वर फिरवायचा दांडा, समोर दोन जाडजूड बोल्ट, त्यांना जोडलेल्या करंगळीहून जाड केबली, खाली चाके, आणि कळ दाबली की घूंऽऽ असा आवाज. हे वेल्डिंगचे जुने यंत्र. गेल्या काही वर्षांत ते एकेका दुकानातून बाहेर पडत आहे. त्याच्या जागी पट्ट्याने खांद्याला अडकवता येईल असे पाच-सहा किलोचे इन्व्हर्टर यंत्र आले आहे. (घरी दिवे गेल्यावर लागतो तो इन्व्हर्टर वेगळा, बरे का.) मग जुनी यंत्रे जातात कोठे? बरीचशी भंगारात, आतल्या तांब्याच्या भावाने. आणि काही हौशी मंडळी ती स्वस्तात घेऊन घरी आणतात. गेटची बिजागरी, चपलांचा रॅक, कुंड्यांचा स्टँड असे काहीबाही घरच्या घरी करायला.

मला आज बोलायचे आहे ते या घरी आलेल्या यंत्रांबद्दल. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही यंत्रे घराच्या पडवीत जाण्यापूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत यायला हवीत. आणि ती का यायला हवीत हे मला शिकविले ते माझ्याच एका विद्यार्थ्याने.

दोन वर्षांपूर्वी बारावीतला एक मुलगा तास संपल्यावर माझ्याकडे आला. त्याने भंगारवाल्याकडून असे एक यंत्र आणले होते. २३० व्होल्टवर चालणारे, हौशी कामासाठी बनविलेले लहान यंत्र. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या प्लगवर त्याने ते लावले. फ्यूज उडाला. त्याने जाड तार घातली. मग फ्यूज उडाला नाही, पण भिंतीच्या आतली तार वितळली. आईला जळका वास आला म्हणून बरे. तिने मेन स्विच ओढला. मुलगा मला विचारत होता, "सर, यंत्राच्या पाटीवरचे आकडे घेऊन मी आधी गणित केले होते. दहाच अँपिअर येत होते. मग तार का जळली?"

मी खडू घेतला आणि फळ्यावर गणित मांडले. जळत्या आर्कमध्ये दाब साधारण २४ व्होल्ट, प्रवाह १०० अँपिअर. म्हणजे शक्ती २४०० वॉट. ती २३० व्होल्टच्या वाहिनीतून घ्यायची, तर २४०० भागिले २३०, म्हणजे १०.४ अँपिअर. थोडी उधळपट्टी धरली तरी बारा-तेरा. सोळा अँपिअरच्या प्लगला हे झेपायला हवे. मुलाचे गणित बरोबर होते. माझेही. तार मात्र जळली होती. मी त्याला "उद्या सांगतो" म्हणालो. रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, शिकवायला लागून मला तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

त्या रात्री उत्तर सापडले, आणि ते पाटीवरच होते. पाटीवर "ओपन सर्किट" दाब ७० व्होल्ट लिहिलेला होता. म्हणजे आर्क पेटलेली नसताना होल्डर आणि जॉब यांच्यामध्ये ७० व्होल्ट असतात. वेढ्यांचे गुणोत्तर त्यावरून ठरते: २३० ला ७०. आता द्वितीयक वेटोळ्यातून १०० अँपिअर वाहत असतील, तर प्राथमिक वेटोळ्यातून किती वाहतील? १०० गुणिले ७० भागिले २३०. उत्तर ३० अँपिअर. दहा नव्हे, तीस! तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे तुम्ही दहावीत शिकता. म्हणजे मुलाने धरली होती त्याच्या साडेआठ पट उष्णता त्या भिंतीतल्या तारेत निर्माण होत होती.

मग फरक कोठे गेला? ७० व्होल्टचे २४ व्होल्ट कशाने झाले? ही सगळी गंमत त्या लोखंडी पेटीत आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकातले रोहित्र आदर्श असते. प्राथमिक वेटोळ्याने निर्माण केलेल्या चुंबकीय बलरेषा सगळ्याच्या सगळ्या द्वितीयक वेटोळ्यातून जातात, काहीही गळत नाही. असे रोहित्र वेल्डिंगला वापरले तर काय होईल? वेल्डर कांडी जॉबला टेकवतो तेव्हा सरळसरळ शॉर्ट सर्किट करतो. आदर्श रोहित्रातून त्या क्षणी प्रचंड प्रवाह वाहील, कांडी लाल होऊन चिकटेल, आणि काही तरी जळेल. म्हणून वेल्डिंगचे रोहित्र मुद्दाम वाईट बनवितात. दोन वेटोळी एकमेकांपासून लांब ठेवतात आणि त्यांच्यामध्ये बलरेषांना पळून जायला लोखंडाची एक आडवाट ठेवतात. वरचा दांडा फिरविला की ही आडवाट, म्हणजे गाभ्याचा सरकता तुकडा, आत-बाहेर होतो. तुकडा आत गेला की गळती वाढते आणि प्रवाह कमी होतो. बाहेर आला की उलटे. दुकानदार "करंट वाढव" म्हणतो तेव्हा पोऱ्या दांडा फिरवून बलरेषांची गळतीच कमी करीत असतो.

या गळतीमुळे वेटोळ्याला मोठी प्रतिक्रियता येते. ती प्रवाह अडवते, पण रोधासारखी उष्णता करून नाही. प्रवाह दाबाच्या मागे पडतो, आणि वाहिनीतून येणाऱ्या प्रवाहाचा मोठा भाग काम न करताच ये-जा करीत राहतो. विजेचे मीटर त्या ये-जा करणाऱ्या भागाचे पैसे घेत नाही. तार मात्र त्यानेही तापते. यालाच आम्ही वर्गात "शक्तिगुणक कमी असणे" म्हणतो, व्याख्या लिहून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

एवढ्यावरून यंत्र बनविणारे मूर्ख होते असे समजू नका. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्य होतो. म्हणजे आर्क सेकंदाला शंभर वेळा विझते. ती पुन्हा पेटायला त्याच क्षणी भरपूर दाब हवा. दाब आणि प्रवाह बरोबरीने चालत असते, तर प्रवाह शून्य असताना दाबही शून्य असता, आणि आर्क विझून गेली असती. पण प्रवाह मागे पडलेला असल्यामुळे तो शून्याला येतो तेव्हा दाब आपल्या शिखराजवळ असतो. आर्क लगेच पुन्हा पेटते. ज्या दोषाने मुलाच्या घरची तार जाळली, त्याच दोषावर त्याची आर्क टिकून होती. अठरा वर्षे मी हे शिकवले नव्हते याची मला खरोखर लाज वाटली.

नव्या यंत्रात हे सगळे झाकलेले असते. ते आधी प्रवाह एकदिश करते, मग सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करते. कंप्रता वाढली की तेवढ्याच कामाला लहानसा गाभा पुरतो, म्हणून ते हलके. वेल्डरच्या दृष्टीने ते उत्तमच आहे, आणि घरी काम करायचे असेल तर मीही नवेच यंत्र घ्या म्हणेन. पण ते उघडून तुम्हाला काय दिसेल? एक हिरवा फलक आणि मुंगीएवढे भाग. जुन्या यंत्राचे झाकण काढले की आत आपला पदार्थविज्ञानाचा धडाच मांडून ठेवलेला दिसतो: बारीक तारेचे बरेच वेढे, जाड पट्टीचे थोडे वेढे, पत्र्यांचा गाभा, मधला सरकता तुकडा.

हे मत मी आमच्या शिक्षकांच्या बैठकीत मांडले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मुलांच्या हातात आग देता का?" त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. साठ मुलांच्या वर्गावर एक शिक्षक नजर ठेवू शकत नाही, हे खरे आहे. पण मुलांच्या हातात आग नाही असे समजणे हीही फसगतच. ती भंगारवाल्याकडून, मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून, आपल्याला न विचारता आलेली आहे. शिवाय महाराष्ट्रात हा विचार काही माझा नवा नाही. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून निघालेल्या "मूलभूत तंत्रज्ञान" या विषयात आठवी ते दहावीची मुले-मुली शाळेतच वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी शिकत आली आहेत. ती मुले खरीखुरी कामे करतात. माझे म्हणणे त्याहून पुष्कळ लहान आहे.

पहिल्या वर्षी आर्क पेटवूच नका. यंत्र शाळेत आणा, त्याचा वाहिनीचा प्लग कापून टाका, म्हणजे कोणाच्या हातून ते चुकून चालू होणार नाही. मग प्राथमिक वेटोळ्याला प्रयोगशाळेतल्या लहान रोहित्राने फक्त १२ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब द्या; ते रोहित्र तीन अँपिअर तरी देणारे हवे. द्वितीयकावर किती मिळतात? ७० व्होल्टच्या यंत्रात साडेतीनच्या वर थोडेसे. आता दांडा कमीत कमी प्रवाहावर ठेवून द्वितीयकाची दोन टोके दहा अँपिअरच्या प्रत्यावर्ती अँमीटरने जोडा. काही अँपिअर प्रवाह दिसेल. दांडा हळूहळू फिरवा. प्रवाह बदलताना दिसेल; अँमीटर काढून मोकळा दाब मोजला तर तो मात्र फारसा बदललेला नसेल. गळती म्हणजे काय ते हाताला कळते. नेहमी प्राथमिक बाजूलाच दाब द्यायचा हे ध्यानात ठेवा. उलट बाजूने दिलात तर बाराचे चाळीसच्या आसपास होतील.

दुसऱ्या वर्षी, ज्या मुलांनी हे केले त्यांनी, एका वेळी दोघांनी, शिक्षक आणि गावातला जाणता वेल्डर जवळ असताना आर्क पेटवावी. आणि तेव्हाही डोळ्यांची गोष्ट आधी.

"आर्ककडे पाहू नकोस" असे सगळेच सांगतात. का, ते कोणी सांगत नाही, म्हणून पोरे पाहतात. आर्कमधून अतिनील किरण भरपूर निघतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, पण पारपटलात शोषले जाऊन त्याचा वरचा थर भाजतात. लगेच काहीच होत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू घातल्यासारखे होते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते. पण म्हणून कच्च्या बटाट्याचा किंवा दुधाचा प्रयोग डोळ्यात करू नका, डॉक्टरांकडे जा. वेल्डिंगच्या धुराला आणि त्यातल्या अतिनील किरणांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली मानवाला निश्चित कर्करोगकारक ठरविले आहे. हे रोज काम करणाऱ्याला जास्त लागू आहे, पण तो रोज काम करणारा माणूसही आपल्याच गल्लीतला असतो, आणि कित्येकदा त्याच्या हातात धड काचही नसते.

काचेचेही गणित आहे. वेल्डिंगच्या काळ्या काचेवर एक क्रमांक असतो. शंभर अँपिअरच्या कामाला साधारण दहा क्रमांकाची काच लागते. तिच्यातून दृश्य प्रकाशाचा सुमारे ७,२०० वा भाग पलीकडे जातो. गॅस वेल्डिंगचा हिरवा चष्मा पाच क्रमांकाचा असतो. त्यातून सुमारे ५२ वा भाग जातो. क्रमांक निम्मा, पण प्रकाश १४० पट! कारण हा क्रमांक लॉगॅरिथमवर बेतलेला आहे. "गॉगल घातलाय ना" म्हणून गॅसच्या चष्म्याने आर्क लावणारे मी पाहिले आहेत. उन्हातला गॉगल, एक्स-रेची फिल्म, दोन काचा एकावर एक, यांबद्दल तर बोलायलाच नको. अतिनील किरण अडविण्याची त्यांची काहीच हमी नसते.

विजेच्या धक्क्याबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे: "सत्तर व्होल्टने काय होते?" पावसाळ्यात, घामाने ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. सत्तर भागिले हजार म्हणजे ७० मिलिअँपिअर. छातीतून जाणारा एवढा प्रत्यावर्ती प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. आणि येथे घरातली ई.एल.सी.बी. मदतीला येत नाही. ती वाहिनीतून गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांची तुलना करते. द्वितीयक वेटोळे वाहिनीपासून अलग असल्यामुळे तेथे तुम्हाला बसलेला धक्का तिला कळतच नाही. जुन्या यंत्राची तर आणखी एक भीती. वीस-तीस पावसाळे खाल्लेले निरोधन कोठेतरी फुटते, आणि मग होल्डरवर सत्तर नव्हे, वाहिनीचा पूर्ण दाब येतो. दुकानांतली पुष्कळशी यंत्रे दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालणारी असतात हे लक्षात घ्या. म्हणून जाणत्या वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने निरोधन तपासून घेतल्याशिवाय, आणि पेटीचे अर्थिंग पाहिल्याशिवाय, असे यंत्र चालू करू नये. तो वायरमन घेईल ते पैसे यंत्राच्या किमतीतच धरा.

याच ओघात एक स्पष्टच सांगतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधले रोहित्र काढून वेल्डिंग यंत्र करण्याच्या चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतील. ते करू नका. त्या रोहित्राच्या द्वितीयकावर दोन हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि तो मागे-पुढे न पाहता प्रवाह देतो. ओव्हनमधला संधारित्र प्लग काढल्यावरही भारित राहू शकतो. हे रोहित्र घेऊन लाकडावर विजेची नक्षी काढण्याच्या नादात परदेशात कित्येक हौशी माणसे मेली आहेत. येथे माझ्याकडे शिकण्यासारखा धडा काही नाही, नुसती मनाई आहे.

आता कामाबद्दल थोडेसे. पाटीवर "ड्यूटी सायकल २० टक्के" असे काही लिहिलेले असते. दहा मिनिटांत दोन मिनिटे आर्क, आठ मिनिटे विश्रांती, असा त्याचा अर्थ. घरगुती यंत्रे याच प्रकारची असतात. न थांबता काम केले की वेटोळ्याचे वार्निश करपते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप वेल्ड करू नका. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि लोखंड वितळते १५३८ अंशांना. म्हणजे लोखंड वितळायच्या आधीच जस्ताची वाफ तुमच्या नाकात. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. रॉकेलचा, पेट्रोलचा, रंगाचा रिकामा डबा तर कधीच नाही. रिकामा दिसतो तेव्हाच त्यात हवा आणि वाफ यांचे स्फोटक मिश्रण असते.

आणि ज्यावर माणूस उभा राहील, बसेल किंवा झोके घेईल असे काहीही पहिल्या वर्षात करू नका. वेल्डिंगचा जोड वरून सुबक दिसतो आणि आतून नुसता चिकटलेला असतो, हे दोष बाहेरून ओळखता येत नाहीत. परीक्षा सोपी आहे. दोन पट्ट्यांचा जोड करा, थंड होऊ द्या, वर जमलेली मळी चिपिंग हातोडीने काढा, पट्टी व्हाइसमध्ये धरून जोड वाकेपर्यंत घणाने मारा. तुटला तर तुटलेल्या तोंडाकडे पाहा: कोठे मळी अडकली, कोठे लोखंड वितळलेच नाही, ते स्वच्छ दिसते. अशी परीक्षा न देता घरात वापरायला आलेली वस्तू मला धास्तीची वाटते.

त्या मुलाचे यंत्र आता आमच्या प्रयोगशाळेत आहे, झाकण काढलेले आणि प्लग कापलेले. घराच्या भिंतीतली तार बदलायला जो खर्च आला तो त्याच्या वडिलांनी सोसला, आणि वर्षभर बोलून दाखवला. मुलगा सुटीत गावातल्या एका वेल्डरकडे जाऊ लागला. आईसाठी त्याला कुंड्यांचा स्टँड करायचा होता. वेल्डरने त्याला आधी जोड करून ते मोडायला लावले. पहिले चार घणाच्या एका-दोन घावांत तुटले. पाचवा वाकला, पण तुटला नाही. तो वाकलेला तुकडा त्याने मला आणून दिला. यंत्राच्या शेजारीच ठेवलेला आहे.